दोन ठोके म्हणजे नाही

उणे बावीस. दारात नव्वद सालची व्होल्वो.
स्टार्टर फिरतोय, इंजिन फिरतंय
चांगलं दणकून,
फक्त पेट घेत नाही.
साठ किलोमीटरवर हिल्मा ओमान वाट बघतेय,
तिच्या पायाची पट्टी आज बदलायचीच आहे.

एव्हर्ट लुंडमार्क बर्फ तुडवत येतो.
एकतीस वर्षं बसच्या डेपोत काढली त्यानं,
डेपोनं त्याचे कान ठेवून घेतले.
"पुरे! बॅटरी मारशील!"
हल्ली तो असंच बोलतो,
सगळं जग नदीच्या पलीकडे उभं असल्यासारखं.
"फिरतेय ना? मग बॅटरीवर आळ नको.
उरलं काय? हवा, ठिणगी, पेट्रोल.
हवा तर इथे फुकट आहे."

एक प्लग काढून तो इंजिनाला टेकवून धरतो.
मी चावी फिरवते.
ठिणगी निळी, खणखणीत.
ती त्याला दिसते, ऐकायची गरज नाही.
मग प्लगच्या टोकावरून अंगठा फिरवतो,
नाकाशी नेतो.
कोरडं. परवाच्या भाकरीसारखं कोरडं.
"पेट्रोल पोचतच नाहीये."

आणि गप्प होतो.
"चावी दिली की मागे पंप गुणगुणतो.
एक-दोन सेकंद, बस.
पूर्वी मी रस्त्यावरून ऐकायचो."
माझ्या बॅगेकडे बघतो.
"तुझी ती नळी आण."

म्हणून मी, जिल्हा परिचारिका, वय त्रेपन्न,
गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणी,
कानांत स्टेथोस्कोप, चकती पंपावर.
वर सीटवर एव्हर्ट.
माझी हाक त्याला पोचणार नाही,
म्हणून ठरलंय: पान्यानं तळावर ठोकायचं,
एक ठोका हो, दोन नाही.

चावी.
माझंच रक्त ऐकू येतं,
पुठ्ठ्याखाली कुरकुरणारा बर्फ,
लांब कुठे तरी रस्ता खरवडणारं यंत्र.
पंप नाही.
ठक ठक.

तो फ्यूज काढतो, घासतो, पुन्हा बसवतो,
दिवा लावून वीज येते का बघतो. येते.
चावी.
ठक ठक.
असं 'नाही' मी माणसांच्या छातीवरही ऐकलंय.
ते आत्ता नको.

मग डॅशबोर्डचा कप्पा उचकटून बाहेर येतो,
त्यातल्या पावत्या, हातमोजा, चिकटलेल्या गोळ्या
सगळं माझ्या सीटवर.
मागे लपलेली पांढरी डबी, रिले.
एव्हर्ट तिला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं
टपली मारतो, झोपाळू पोराला मारावी तशी.
चावी.
म्म्म्म्म्.
मी एवढ्या जोरात ठोकते
की गंज डोळ्यांत पडतो.

त्याच्या स्वयंपाकघरात, मासळीची ताटली बाजूला सारून
भिंगाखाली तो दाखवतो:
एका पिनेच्या पायाशी डाखाला
गोल, केसाएवढी भेग.
"चौतीस हिवाळे आकसली, फुगली.
कधी टेकते, कधी नाही."
डाखाचा धूर वर चढतो, नवा थेंब चमकून थिजतो.
मी म्हणते, कानाच्या तपासणीचं पत्र
दोनदा पाठवलं मी तुला.
तीन वर्षं झाली, एव्हर्ट,
स्वतःच्याच कानांकडे कानाडोळा करतोयस.
"काय?" तो म्हणतो.
खरंच ऐकू आलं नाही का,
ते भिंगातूनही कळलं नसतं.

दुसऱ्या फेरीला गाडी पेट घेते.
तो हातमोजा काढून उघडा तळवा
बॉनेटवर ठेवून उभा राहतो, बराच वेळ,
एवढ्या थंडीत.
मग टपावर एकच थाप. नीघ.

हिल्मा दोन तास उशिराबद्दल काही बोलत नाही.
पट्टी होते. छाती तपासायला घेते तशी दचकते,
"केवढं गार! आणि पेट्रोलचा वास कसला गं याला?"
स्पिरिटनं दोनदा पुसलंय मी.
बोलू नका, म्हणते,
श्वास घ्या. सोडा.